प्रथम वर्षाचा निबंध आणि त्याचा वाचक

महाविद्यालयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यास लेखन शिकविणे हे विद्यापीठाचे काम आहे काय, या प्रश्नाची दोन उत्तरे अध्यापकवर्गात परंपरेने दिली जातात. शुद्ध व सुसंगत लिहिणे हे शालेय शिक्षणाचे फल असल्यामुळे त्याचा भार महाविद्यालयाने वाहू नये, हे एक उत्तर. आणि संशोधनपर लेखन ही पदव्युत्तर अवस्थेतील गोष्ट असल्यामुळे तिची चर्चा प्रथम वर्षात अप्रस्तुत आहे, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी मान्य केली तर शाळा सुटल्यापासून पदवी मिळेपर्यंतच्या काळात विद्यार्थ्याच्या लेखनाची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही. या स्थितीचा उलगडा होण्यास अमेरिकेतील हार्वर्ड महाविद्यालयाचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास विशेष उपयोगी पडतो. प्रथम वर्षाच्या सक्तीच्या लेखनवर्गाला तेथे जे रूप आले ते पुढे त्या देशातील बहुतेक विद्यापीठांनी उचलले, आणि त्यातील दोषही त्याबरोबरच उचलले.

हार्वर्डमध्ये वक्तृत्व व लेखनशास्त्राचे 'बॉइल्स्टन' अध्यासन १८०६ मध्ये सुरू झाले. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन क्विन्सी ॲडम्स हे त्याचे पहिले अधिकारी होत. त्या काळी या विषयाचा रोख बोलण्यावर होता. धर्मपीठ, न्यायालय आणि विधिमंडळ या तीन ठिकाणी ज्यांना उभे राहावयाचे, त्यांची ही तयारी होती. १८१९ ते १८५१ या काळात एडवर्ड चॅनिंग यांनी हे अध्यासन भूषविले. इमर्सन व थोरो हे त्यांचे विद्यार्थी. चॅनिंग यांच्या कारकिर्दीत वक्तृत्वाचा वर्ग हळूहळू लेखनाकडे वळला. त्यांच्यानंतर आलेले फ्रान्सिस जेम्स चाइल्ड हे जर्मनीत भाषाशास्त्राचे अध्ययन करून आलेले पंडित होते. इंग्लिश व स्कॉटिश लोकगीतांचा जो महासंग्रह त्यांनी पुढे सिद्ध केला, त्यातील ३०५ गीतांचे क्रमांक आजही अभ्यासक 'चाइल्ड' या नावानेच सांगतात. परंतु अध्यासनावरील पंचवीस वर्षांत या पंडिताचा बराचसा वेळ विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्यात गेला. १८७६ मध्ये बाल्टिमोर येथे नव्याने स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना निमंत्रण दिले, तेव्हा कोठे हार्वर्डने त्यांना इंग्लिशचे प्राध्यापक करून निबंधांच्या गठ्ठ्यातून मोकळे केले. लोकगीतसंग्रहाचा पहिला भाग १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला, हा कालक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. निबंध तपासणे ही विद्येची सेवा नसून तिच्यातून सुटका करून घ्यावयाची असते, ही समजूत इंग्लिश विभागांच्या जन्मापासूनच त्यांच्या अंगी मुरली.

चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले व १९०९ पर्यंत त्या पदावर राहिले. ते रसायनशास्त्रज्ञ होते. विद्यार्थ्याने आपले विषय आपण निवडावेत, हे त्यांच्या सुधारणेचे मुख्य सूत्र होय. ग्रीक-लॅटिनची सक्ती सैल होत गेली तसतशी मातृभाषेची बाजू बळावली, आणि १८७४ पासून प्रवेशपरीक्षेत इंग्लिश लेखनाची परीक्षा सुरू झाली. शेक्सपिअर, गोल्डस्मिथ, स्कॉट यांसारख्या लेखकांच्या नेमलेल्या कृतींतून विषय घ्यावयाचा व त्यावर उमेदवाराने एक छोटा निबंध लिहावयाचा. वर्णलेखन, विरामचिन्हे, व्याकरण व शब्दयोजना यांकडे परीक्षक पाहतील, असे तिचे स्वरूप होते. नियमातील हा क्रमच बोलका आहे. विचाराची मांडणी, पुराव्याची निवड, मतामतांची तुलना यांना त्यात स्थान नव्हते. ज्याचे माप सहज घेता येते त्याचेच माप घेतले गेले.

या परीक्षेची सूत्रे ॲडम्स शर्मन हिल यांच्याकडे होती. हिल हे कायद्याचे पदवीधर व व्यवसायाने वृत्तपत्रकार. १८७२ मध्ये ते हार्वर्डमध्ये आले व चाइल्ड यांच्यानंतर बॉइल्स्टन अध्यासनावर बसले. १८७९ च्या परीक्षेस ३१६ उमेदवार बसले, त्यांपैकी १५७ अनुत्तीर्ण झाले आणि केवळ १४ जणांना विशेष श्रेणी मिळाली. देशातील उत्तम शाळांतून आलेल्या मुलांचा हा निकाल पाहून मोठीच खळबळ उडाली. मात्र या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. जी परीक्षा त्यापूर्वी कोणी घेतलीच नव्हती, तिच्यात मुले नापास झाली यावरून ती पूर्वीपेक्षा अडाणी झाली, असा निष्कर्ष निघत नाही. तरीही तो काढण्यात आला, आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक पिढीने तो पुन्हा काढला.

लेखनाचा सक्तीचा वर्ग पूर्वी दुसऱ्या वर्षात होता. १८८५ मध्ये तो प्रथम वर्षात आणण्यात आला व 'इंग्लिश ए' या नावाने प्रसिद्धी पावला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इतर सर्व विषय ऐच्छिक होत असताना, सक्तीचा म्हणून जवळजवळ हा एकच वर्ग उरला. त्याच सुमारास बॅरेट वेंडेल यांनी वरच्या वर्गासाठी 'दैनिक निबंध' सुरू केला. विद्यार्थ्याने रोज एक लहानसा कागद लिहून सकाळी ठराविक वेळेपूर्वी पेटीत टाकावयाचा, विषय स्वतःच्या पाहण्यातला असावयाचा. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात वेंडेल यांनी एकता, भार व सुसंगती ही तीन तत्त्वे सांगितली. वाक्यास, परिच्छेदास व संपूर्ण लेखास ती सारखीच लागू करावयाची होती. या पद्धतीचे एक श्रेय निःसंशय मान्य केले पाहिजे. 'सद्गुणांचे महत्त्व' किंवा 'कालाची गती' यांसारख्या निराकार विषयांतून मुलांची सुटका होऊन ती डोळ्यांनी पाहिलेले लिहू लागली. परंतु पाहिलेले लिहिणे आणि तपासून लिहिणे यांत अंतर आहे. वाचलेल्या दोन ग्रंथांत विरोध आढळला तर काय करावे, हे दैनिक निबंध शिकवीत नव्हता.

शिवाय या सर्व लेखनाला वाचक एकच होता. त्याच्या हाती लाल शाई होती, आणि समासात लिहावयाच्या सांकेतिक खुणांचा तक्ता विद्यार्थ्यास आधीच दिलेला असे. वाचक काय शोधीत आहे हे लिहिणाऱ्यास कळले म्हणजे लेखन त्या दिशेने आकसते. चूक होऊ नये म्हणून लहान वाक्य, ठाऊक शब्द आणि निरुपद्रवी मत पत्करणे हा विद्यार्थ्याचा आळस नव्हे, तो व्यवहार आहे.

वाचकाच्या बाजूचा हिशोबही मांडून पाहण्यासारखा आहे. एका अध्यापकाकडे शंभर विद्यार्थी, प्रत्येकाचा आठवड्यास तीनशे शब्दांचा एक निबंध आणि प्रत्येक निबंधास दहा मिनिटे धरली, तर दर आठवड्यास तीस हजार शब्द व जवळजवळ सतरा तास होतात. वर्गातील अध्यापन, त्याची तयारी व परीक्षा यांचा यात समावेश नाही. अमेरिकेतील इंग्लिशच्या अध्यापकांची राष्ट्रीय परिषद १९११ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या 'इंग्लिश जर्नल' या नियतकालिकाच्या जानेवारी १९१२ च्या पहिल्या अंकातील पहिला लेख याच विषयावर होता. कॅन्सस विद्यापीठाच्या एडविन हॉपकिन्स यांनी शीर्षकात प्रश्न विचारला की, विद्यमान परिस्थितीत लेखनाचे चांगले अध्यापन शक्य आहे काय. आणि लेखाच्या पहिल्याच शब्दात त्यांनी त्याचे नकारार्थी उत्तर दिले. एखाद्या व्यवसायाच्या मुखपत्राचा आरंभ इतक्या स्पष्ट नकाराने झाल्याचे उदाहरण विरळा.

हार्वर्डच्या नियामक मंडळाने नेमलेल्या समितीचे अहवाल १८९२, १८९५ व १८९७ या वर्षी प्रसिद्ध झाले. १८९२ च्या समितीतील तिघेही पेशाने शिक्षक नव्हते. चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स हे रेल्वे कंपनीचे अध्यक्षपद भूषविलेले इतिहासलेखक, गॉडकिन हे संपादक, तर जोसाया क्विन्सी हे राजकारणी होते. समितीने प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून त्यांना शाळेत मिळालेल्या लेखनशिक्षणाची हकीकत लिहवून घेतली. कल्पना उत्तम होती, कारण तीमुळे शेकडो मुलांनी आपल्या शिक्षणाची प्रत्यक्ष साक्ष दिली. समितीने मात्र ती साक्ष मुख्यतः तीतील चुकांसाठी वाचली. काय लिहिले आहे यापेक्षा कसे लिहिले आहे हेच पाहिले गेले, आणि दोष शाळांचा ठरवून हे प्राथमिक काम महाविद्यालयाने करू नये असा निर्णय देण्यात आला. १८९५ च्या अहवालाचा विषय अधिक मार्मिक आहे. ग्रीक व लॅटिन उताऱ्यांची विद्यार्थ्यांनी केलेली भाषांतरे त्यात तपासली असून, वर्गातील शब्दशः भाषांतरामुळे मुले जी इंग्लिश लिहावयास शिकतात ती इंग्लिशच नव्हे, असे समितीस दिसून आले. संस्कृत श्लोकाचा 'जो, ज्याचा, तो, त्यास' अशा साच्यातील मराठी अर्थ पाठ केलेल्या पिढ्यांना, अथवा इंग्लिश टिपणांवरून मराठी उत्तरे सिद्ध करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांच्या अध्यापकांना, हे निराळे सांगावयास नको.

या रीतीस विरोध झाला नाही असे नाही. येल येथील टॉमस लाउन्सबरी यांनी १९११ मध्ये सक्तीच्या लेखनावर टीका केली; लेखन सक्तीने येत नाही, वाचनाने येते, असा त्यांचा पक्ष होता. हा पक्ष आकर्षक असला तरी ज्याच्या घरी ग्रंथ आहेत त्यालाच तो परवडतो. मिशिगन विद्यापीठातील फ्रेड न्यूटन स्कॉट यांचा विरोध अधिक खोल होता. भाषा हा सामाजिक व्यवहार असून कोणी तरी कोणास तरी काही सांगत असल्याशिवाय लेखन संभवत नाही, अशी त्यांची भूमिका होती. महाविद्यालयाने परीक्षेच्या बळावर शाळांवर हुकूम चालविण्याच्या पद्धतीस त्यांनी सरंजामी म्हटले. १९०३ मध्ये मिशिगन येथे लेखनशास्त्राचा स्वतंत्र विभाग त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, आणि त्यांच्या विद्यार्थिनी गर्ट्रूड बक यांनी रूपकाच्या मानसशास्त्रावर १८९८ मध्ये डॉक्टरेट मिळविली. तरीही देशभर पसरला तो हार्वर्डचाच नमुना. त्याला विचारवंत लागत नव्हते. थोड्या वेतनावरील तपासनीस पुरत होते.

संशोधनपर निबंधाची कथा याहून वेगळ्या उगमापासून सुरू होते. जर्मन विद्यापीठांत, विशेषतः बर्लिन येथे रांके यांच्या हाताखाली, 'सेमिनार' ही पद्धत रूढ झाली होती. मोजके विद्यार्थी एका मेजाभोवती बसत, मूळ साधन सर्वांसमोर असे, आणि एकाने काढलेला निष्कर्ष इतरांनी त्याच साधनावर घासून पाहावयाचा असे. ही पद्धत हार्वर्डमध्ये आणणारे हेन्री ॲडम्स हे वर उल्लेखिलेल्या चार्ल्स फ्रान्सिस यांचे बंधू व पहिले बॉइल्स्टन प्राध्यापक जॉन क्विन्सी ॲडम्स यांचे नातू होत. मध्ययुगीन इतिहासाच्या त्यांच्या सेमिनारमधील तीन विद्यार्थ्यांना १८७६ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि त्यांचे निबंध अँग्लो-सॅक्सन कायद्यावरील ग्रंथात प्रसिद्ध झाले. एकाच कुटुंबातील आजोबांनी वक्तृत्व शिकविले, एका नातवाने संशोधनाची शाळा उघडली, आणि दुसऱ्याने प्रथम वर्षाच्या मुलांच्या चुका मोजल्या. या दोन नातवांच्या कार्याचा परस्परांशी काही संबंध असू शकेल, असे त्या काळी कोणास सुचलेले दिसत नाही.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत प्रथम वर्षाच्या वर्गात ग्रंथालयाधारित निबंध रूढ होऊ लागला. विद्यापीठांची ग्रंथालये वाढली होती आणि अध्यापक स्वतः डॉक्टरेट मिळवून येत होते. परंतु सेमिनारमधून खाली आले ते केवळ त्याचे बाह्यांग. टिपणांच्या चिठ्ठ्या, तळटीपा व संदर्भसूची आली. सामाईक साधन, मेज आणि प्रतिवाद करणारे सहाध्यायी आले नाहीत. बाह्यांगाला नियम लावता येतात, म्हणून नियम वाढले. शिकागो विद्यापीठात प्रबंधांच्या तपासणीचे काम पाहणाऱ्या केट टुराबियन यांनी १९३७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका तयार केली. ती वाढत जाऊन आजतागायत आवृत्त्या निघणारा ग्रंथ झाली. आधुनिक भाषा संघाची 'स्टाइल शीट' १९५१ मध्ये निघाली. ही पुस्तके उपयुक्त आहेत, आणि संदर्भ देण्याची शिस्त हा संशोधनातील प्रामाणिकपणाचा भाग आहे यात शंका नाही. पण तळटीप कशी लिहावी हे शिकविणे सोपे व कोठे लिहावी हे शिकविणे अवघड. रिचर्ड लार्सन यांनी १९८२ मध्ये असा आक्षेप घेतला की, लेखनवर्गातील 'संशोधन निबंध' हा लेखनाचा प्रकारच नव्हे. संशोधन ही कृती आहे आणि ती प्रत्येक विद्याशाखेत निराळी होते. सर्व शाखांना सामान्य असा तिचा एकच साचा शिकविता येत नाही. हा आक्षेप मूलतः योग्य आहे. मात्र त्यावरून प्रथम वर्षात संशोधन नको असा अर्थ काढणाऱ्यांनी लार्सन यांना उलटे वाचले. त्यांचा रोख एकाच निबंधापुरते संशोधन बंदिस्त करण्यावर होता.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल न्यूयॉर्क येथे पडले. तेथील सिटी कॉलेजने १९७० मध्ये शहरातील शालान्त उत्तीर्णांना मुक्त प्रवेश दिला. ज्यांच्या घरात शिक्षण नव्हते, ज्यांची बोली वेगळी होती, ज्यांची मातृभाषा इंग्लिश नव्हती, असे हजारो विद्यार्थी प्रथमच महाविद्यालयात आले. मीना शॉनेसी यांनी त्यांचे सुमारे चार हजार प्रवेशनिबंध अभ्यासून १९७७ मध्ये 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हा ग्रंथ लिहिला. चूक ही यदृच्छेने होत नाही, तिच्यामागे विद्यार्थ्याने स्वतः बनविलेला नियम असतो व अध्यापकाने तो नियम शोधावयाचा असतो, हे त्यांचे प्रतिपादन होते. हिल यांच्या पिढीला जे केवळ मोजावयाचे सुचले, ते शॉनेसी यांनी वाचले. त्यापूर्वीच, १९६३ मध्ये, ब्रॅडक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन औपचारिक व्याकरणाच्या अध्यापनाचा लेखनसुधारणेस लाभ होत नाही, प्रसंगी हानीच होते, असे दाखविले होते.

मराठीतील एका परिचित उदाहरणाने ही दृष्टी स्पष्ट होईल. ज्याच्या बोलीत 'ण' नाही असा विद्यार्थी 'पाणी' ऐवजी 'पानी' लिहितो. तोच काही दिवसांनी 'अनुभव' ऐवजी 'अणुभव' लिहू लागतो, तेव्हा तपासनिसास तो अधिकच बिघडला असे वाटते. वास्तविक तो एक पायरी पुढे गेलेला असतो. आपल्या 'न'च्या जागी प्रमाणभाषेत पुष्कळदा 'ण' असतो हे त्याने हेरले आहे. त्या नियमाची मर्यादा तेवढी त्यास कळलेली नाही. वाक्यरचनेतही हेच घडते. 'सदर विषयाचा अभ्यास करण्यात आलेला असून' अशा लांबलचक कर्मणी वाक्यांनी भरलेला निबंध हा विद्वत्तेच्या भाषेत शिरण्याचा प्रयत्न असतो. दाराचा आकार त्याने पाहिला आहे, पलीकडे काय चालते ते कोणी दाखविलेले नाही.

मुलांचे लेखन दिवसेंदिवस ढासळत आहे, या जुन्या तक्रारीची परीक्षा करण्याजोगी सामग्रीही आता उपलब्ध आहे. महाविद्यालयीन निबंधांतील चुकांचे प्रमाण दर शंभर शब्दांमागे १९१७ मध्ये २.११, १९३० मध्ये २.२४, १९८६ मध्ये २.२६ व २००६ मध्ये २.४५ असे आढळले. त्याच अवधीत निबंधाची सरासरी लांबी १६२ शब्दांवरून अनुक्रमे २३१, ४२२ व १,०३८ शब्दांवर गेली. अँड्रिया लन्सफर्ड व कॅरन लन्सफर्ड यांच्या २००८ मधील लेखात हे आकडे एकत्र मांडले आहेत. नव्वद वर्षांत चुकांचे प्रमाण फारसे हलले नाही. लेखन मात्र सहापटीहून लांब झाले आणि स्वानुभववर्णनाची जागा आधार देऊन केलेल्या युक्तिवादाने घेतली. चुकांच्या यादीत अपुरे किंवा गाळलेले संदर्भ तिसऱ्या क्रमांकावर आले, याचे कारणही यातच आहे. १९१७ च्या विद्यार्थ्याकडे संदर्भ मागितला जात नव्हता, म्हणून तो चुकतही नव्हता.

महाराष्ट्रात या विषयाने निराळे वळण घेतले. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवरील परीक्षक विद्यापीठ होते; शिकविण्याचे कार्य स्वतः करण्याचा स्पष्ट अधिकार भारतीय विद्यापीठांस १९०४ च्या कायद्याने मिळाला. परीक्षक विद्यापीठात निबंध हा प्रश्नपत्रिकेतील प्रश्न असतो, अध्यापनाचा विषय नसतो. त्यामुळे मराठी निबंध वाढला तो विद्यापीठाबाहेर. हार्वर्डची लेखनपरीक्षा सुरू झाली त्याच वर्षी, १८७४ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात 'निबंधमाला' सुरू केली, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. तेथे निबंध उमेदवाराचा होता, येथे तो वाचकवर्ग घडविणाऱ्या लेखकाचा होता.

विद्यार्थ्यांनी लिहून सभेत वाचावयाची परंपरा तर त्याहून जुनी आहे. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये मुंबईत साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन केली, आणि तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखांतून देशभाषांत निबंध वाचले जाऊ लागले. दादाभाई नौरोजी हे या मंडळींपैकीच. गुण देणारा कोणी नव्हता; ऐकणारे व शंका विचारणारे होते. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. मंडळाच्या सभांत कोणीही सभासद एखादे पत्र, ताम्रपट वा शकावली पुढे ठेवून टिपण वाचीत असे, आणि वाचन ठरले नाही, तिथी जुळली नाही, मिती चुकली, असे आक्षेप तेथल्या तेथे घेतले जात. पदवी नसलेले कित्येक जण या सभांतून संशोधक झाले. बर्लिनच्या मेजाशी याचे जे साम्य आहे ते कोणाच्या अनुकरणाने आलेले नसून मोडी कागदांच्या दप्तरांतून आलेले आहे. मात्र ही रीत महाविद्यालयाच्या वर्गात शिरली नाही. तेथे निबंध म्हटला की तो परीक्षेच्या वहीतील, एका वाचकासाठी लिहिलेला आणि एकदा तपासला की बांधून ठेवलेला, असाच राहिला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यविरोधी विनियम केले. त्यांत साम्याच्या टक्केवारीप्रमाणे दंडाच्या पायऱ्या ठरविल्या असून दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले आहे. डिसेंबर २०२२ च्या चार वर्षांच्या पदवी आराखड्यात प्रथम वर्षापासून भाषिक क्षमतावर्धनाचे अभ्यासक्रम आहेत. संशोधन प्रकल्प मात्र चौथ्या वर्षात येतो, तो बारा श्रेयांकांचा आहे, आणि संशोधनासह ऑनर्स पदवीचा तो मार्ग पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यांसाठी ठेवला आहे. सहा सत्रांत निबंध कोणी वाचावेत, किती वाचावेत आणि वाचून परत करताना त्यांवर काय लिहावे, हे त्या त्या विभागाने ठरवावयाचे आहे.